सैनिक टीकेच्या पलीकडे असावा का?

पाठ-टिपण : मानवी मूल्ये आणि व्यावसायिक नीतिशास्त्र
उपयोग : अभियांत्रिकी पदवी, सर्व शाखा

या पाठानंतर विद्यार्थ्याला पुढील गोष्टी सांगता याव्यात :
१) सैनिकाचा सन्मान आणि सैनिकाच्या कृतीची तपासणी या दोन गोष्टींतला फरक.
२) युद्धातील वर्तनाबद्दल भारतीय कायदा थोडक्यात काय म्हणतो.
३) चूक, हलगर्जी आणि गुन्हा यांतला भेद.
४) टीका कोणावर, कोणत्या पायरीवर करायची, हे ठरवण्याची पद्धत.

१. प्रश्न कुठून आला

रसमडा हे दुर्ग आणि राजनांदगाव यांच्यामधले, मुंबई-हावडा मार्गावरचे लहान स्टेशन. आजूबाजूला लोखंडाचे कारखाने आणि धानाची शेते. भिलाईजवळ उतईला केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. दुर्ग स्टेशनवर पाठीवर बोजा घेतलेले जवान नेहमी दिसतात. कोणी सुटीवर निघालेले असतात, कोणी बस्तरकडे परतणारे. आमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरचे कोणी ना कोणी दलात असतात.

एकदा वर्गात ‘आदेश आणि जबाबदारी’ हा भाग शिकवत होतो. उदाहरण म्हणून मी बस्तरमधल्या एका गोळीबाराचा चौकशी अहवाल घेतला. एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, “सर, माझा मोठा भाऊ तिकडे आहे. रात्र रात्र जंगलात असतो. आपण इथे पंख्याखाली बसून त्याच्यावर टीका करायची का?” वर्गातल्या बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. त्याच वर्गात बिजापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेला मुलगा होता. तो काही बोलला नाही. वहीत बघत राहिला.

त्या तासाला मी दिलेले उत्तर अपुरे होते. हे टिपण म्हणजे ते उत्तर पुरे करण्याचा प्रयत्न आहे. लिहिताना दोन्ही मुले डोळ्यांसमोर आहेत.

२. आधी शब्दांचे अर्थ

वाद पुष्कळदा शब्दांमुळे होतो, म्हणून तीन शब्द नीट घेऊ.

सैनिक : सैन्यदले संरक्षण मंत्रालयाखाली येतात. केंद्रीय राखीव पोलीस दल, सीमा सुरक्षा दल ही गृह मंत्रालयाखालची सशस्त्र दले आहेत. बस्तरमध्ये प्रामुख्याने ही दले आणि राज्याचे पोलीस लढत आले आहेत. लोक बोलताना सर्वांनाच ‘जवान’ म्हणतात. या टिपणात आपणही तो शब्द व्यापक अर्थाने वापरू.

युद्ध : परक्या देशाच्या सैन्याशी होते ते युद्ध. देशाच्या आत, आपल्याच नागरिकांमध्ये मिसळलेल्या सशस्त्र गटाशी होते ती अंतर्गत मोहीम. दुसऱ्या प्रकारात बंदूक चालवणाऱ्याची जबाबदारी अधिक कठीण असते, कारण समोरच्या वस्तीतला प्रत्येक माणूस त्याच राज्यघटनेच्या छायेत असतो.

टीका : टीका म्हणजे अपमान नव्हे. अभियंत्याला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. पूल खचला की समिती बसते. जून २०१४ मध्ये भिलाई इस्पात संयंत्रात वायुगळती होऊन सहा जण दगावले, तेव्हाही चौकशी झाली. त्या चौकशीला कोणी कामगारांचा अपमान म्हटले नाही. उलट चौकशी झाली नसती तर तो अपमान ठरला असता. घडले काय, का घडले, कोणाचे काय चुकले आणि पुन्हा घडू नये म्हणून काय करायचे, या चार प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे शोधणे म्हणजे टीका.

३. टीका नको म्हणणाऱ्यांची बाजू

ही बाजू हलकी नाही. तिच्यात चार मुद्दे आहेत.

पहिला, सैनिकाला निर्णय क्षणात घ्यावा लागतो आणि टीकाकाराकडे महिने असतात. दुसरा, जो स्वतः जीव धोक्यात घालत नाही त्याला बोलण्याचा अधिकार काय? तिसरा, सतत आरोप होत राहिले तर जवानाचा हात ऐनवेळी कचरेल आणि तोच मारला जाईल. चौथा, खोटे आरोप हे शत्रूचे हत्यारही असते.

६ एप्रिल २०१० रोजी ताडमेटलाजवळ माओवाद्यांच्या हल्ल्यात ७६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांपैकी ७५ केंद्रीय राखीव पोलीस दलाचे होते आणि एक राज्य पोलीस दलाचा. हा आकडा ज्याने ऐकला आहे त्याला वरचे मुद्दे सहज झटकता येणार नाहीत.

पण हे मुद्दे नीट तपासले तर त्यांतून निघते ते एवढेच, की टीका घाईने, पुराव्याशिवाय किंवा परिस्थिती न समजता करू नये. टीका करूच नये, हे त्यांतून निघत नाही. शल्यविशारदालाही क्षणात निर्णय घ्यावे लागतात. म्हणून त्याला अधिक सवलत देतो, पण टेबलावर रोगी गेला तर कारण विचारतोच.

४. महाराजांनी आपल्याच घोडदळाला लिहिलेले पत्र

मराठी माणसाला या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना पत्र पाठवले होते. त्याचा आशय असा : पावसाळ्यासाठी दाणा, वैरण मोठ्या कष्टाने जमवली आहे. ती जपून वापरा. आत्ताच उधळलीत तर पुढे मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही गावात शिराल. कोणी कुणब्याचे धान्य आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूड, कोणी भाजी. जी रयत कशीबशी तग धरून आहे ती गाव सोडून जाईल, कित्येक उपाशी मरतील. मग त्यांना मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट वाटाल. जे लागेल ते पैसे देऊन बाजारातून आणा. रयतेला काडीचाही उपद्रव देण्याचे कारण नाही. रात्री दिवा उघडा ठेवू नका, उंदराने जळती वात ओढून नेली तर सगळी गंजी पेटेल, असा बारीक इशाराही त्यात आहे.

या पत्रात तीन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत.

अ) हे घोडदळ परक्याचे नव्हते. ते स्वराज्यासाठी जीव देणारे होते. तरीही राजाने त्याला टीकेच्या वर ठेवले नाही.

आ) कसोटी काय लावली? रयतेला तुम्ही कसे दिसाल, ही. सैन्याचे मोल रयतेच्या नजरेतून मोजले.

इ) नुसता दम दिला नाही. दाणा, वैरण आणि पैसा यांची तजवीज आधी केली आणि मग जाब विचारण्याचा हक्क बजावला. उपाशी सैन्य लुटणार, हे राजाला ठाऊक होते. या तिसऱ्या मुद्द्याकडे आपण पुन्हा येऊ.

५. बारगीर आणि ‘बर्गी’

महाराजांनी दिलेला इशारा पुढच्या शतकात खरा ठरला, आणि त्या घटनांची वाट आपल्या छत्तीसगडमधूनच जाते. नागपूरकर रघूजी भोसले यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांनी १७४१ मध्ये रतनपूर जिंकले. पुढच्याच वर्षी त्यांची फौज बंगालमध्ये उतरली. १७५१ पर्यंत स्वाऱ्या चालू राहिल्या. शेवटी नवाब अलिवर्दीखानाने ओरिसाचा वसूल आणि सालीना बारा लाख रुपये चौथाई मान्य केली तेव्हा त्या थांबल्या.

सरकारी घोड्यावर चाकरी करणारा स्वार म्हणजे बारगीर. आपल्याकडे हा शब्द लष्करी हिशेबाचा आहे. बंगालीत तो ‘बर्गी’ झाला आणि त्याचा अर्थ झाला लुटारू. त्या काळातल्या गंगाराम नावाच्या बंगाली कवीने ‘महाराष्ट पुराण’ या काव्यात जाळलेली गावे, पळणारी माणसे, कापलेले हात आणि नाक-कान, स्त्रियांवरचे अत्याचार यांचे वर्णन करून ठेवले आहे. मुलांना झोपवताना बर्गींची भीती घालणारे अंगाईगीत बंगालमध्ये अजून म्हटले जाते.

आपल्या शाळेत अटकेपार गेलेला झेंडा शिकवतात. तो शिकवायलाच हवा. पण बंगाली सहकाऱ्याच्या घरी जेवायला बसल्यावर त्याची आजी हसत हसत ‘बर्गी आले’ म्हणते, तेव्हा इतिहासाची दुसरी बाजू कळते. रतनपूर, बिलासपूर, रायपूर, दुर्ग इथली कित्येक मराठी घराणी भोसल्यांच्या राज्याबरोबर या मुलखात आली. तेव्हा हा हिशेब आमच्यापैकी अनेकांच्या घरचाच आहे.

दोन्ही सैन्ये मराठीच. पहिल्याला जाब विचारणारा धनी होता. दुसऱ्यापुढे लुटीचे आणि चौथाईचे ध्येय होते आणि बंगालच्या शेतकऱ्याच्या वतीने जाब विचारणारे नागपुरात कोणी नव्हते. शौर्य दोन्हीकडे होते. नाव मात्र एकाचे राहिले आणि दुसऱ्याचे गेले.

६. कायदा काय म्हणतो

आता आजच्या काळात येऊ. मुद्दे थोडक्यात :

• सेना अधिनियम, १९५० च्या कलम ४१ प्रमाणे वरिष्ठाचा आदेश मोडणे हा गुन्हा आहे. पण तो आदेश कायदेशीर असला पाहिजे. हा एक शब्द फार महत्त्वाचा आहे. निःशस्त्र माणसाला मारण्याचा आदेश कायदेशीर होऊ शकत नाही.

• दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्ग येथील खटल्यांत ‘मी फक्त हुकूम पाळला’ हा बचाव आपोआप सुटका करत नाही, असे तत्त्व मान्य झाले.

• १९४९ च्या जिनिव्हा करारांना भारताने १९५० मध्ये मान्यता दिली आणि १९६० मध्ये त्यांसाठी कायदा केला. लढत नसलेल्या, जखमी किंवा शरण आलेल्या माणसाला इजा करू नये, हा या करारांचा गाभा आहे.

• सशस्त्र दले (विशेषाधिकार) अधिनियम, १९५८ अशांत क्षेत्रातील जवानांना जादा अधिकार देतो आणि केंद्राच्या परवानगीशिवाय त्यांच्यावर खटला भरता येत नाही. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. त्याच निकालात, ‘काय करावे, काय करू नये’ याची सेनेने जवानांसाठी केलेली यादी बंधनकारक मानली.

• ८ जुलै २०१६ रोजी मणिपूरच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की अशांत क्षेत्रातही पूर्ण अभय कोणालाच नाही. अतिरेकी बळ वापरल्याचा आरोप असेल तर चौकशी झाली पाहिजे.

म्हणजे कायदा सैनिकाला संरक्षण देतो, पण प्रश्नाच्या पलीकडे नेऊन बसवत नाही.

७. बस्तरचे दोन अहवाल

छत्तीसगडमध्ये वरचा १९५८ चा कायदा लागू नाही. इथे काय झाले ते पाहू.

सारकेगुडा, जिल्हा बिजापूर. २८ जून २०१२ च्या रात्री सुरक्षा दलांच्या गोळीबारात १७ जण मारले गेले. त्यांत अल्पवयीन मुले होती. आधी सांगण्यात आले की ती माओवाद्यांशी चकमक होती. गावकरी म्हणाले, आम्ही बीज पंडुम या पेरणीच्या सणाचे ठरवायला जमलो होतो. निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. अग्रवाल यांच्या एकसदस्यीय आयोगाचा अहवाल २०१९ मध्ये आला. मृत माणसे माओवादी असल्याचा समाधानकारक पुरावा नाही, गावकऱ्यांकडून गोळीबार झाल्याचे सिद्ध होत नाही, दलाने बहुधा घाबरून गोळ्या झाडल्या आणि जखमी जवानांना आपल्याच साथीदारांच्या गोळ्या लागल्या असाव्यात, असे निष्कर्ष त्यात आहेत. एक माणूस मात्र रात्री मेला नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मारला गेला, असेही आयोगाने नोंदवले.

एडसमेट्टा, तोच जिल्हा. मे २०१३. इथेही सणासाठी जमलेल्या लोकांवर रात्री गोळीबार झाला. आठ गावकरी आणि एक जवान मरण पावले. याही घटनेची चौकशी अग्रवाल यांनीच केली आणि अहवाल २०२२ मध्ये विधानसभेत मांडला गेला. एकूण ४४ गोळ्या झाडल्या गेल्या, त्यांपैकी १८ एकाच जवानाच्या बंदुकीतून. दलाने भीतीपोटी गोळीबार केला असावा, असा निष्कर्ष. पण अहवाल तिथे थांबला नाही. जवानांना संरक्षणाची पुरेशी साधने आणि पक्की माहिती मिळाली असती तर ही घटना टळू शकली असती, असेही त्यात म्हटले आहे.

आता चिपळूणच्या पत्रातला तिसरा मुद्दा आठवा. दाणा-वैरण न देता पाठवलेले घोडदळ गाव लुटते. साधने आणि माहिती न देता अंधारात पाठवलेला जवान घाबरून सणावर गोळ्या झाडतो. चौकशी झाली म्हणून हे कळले. ‘जवानावर टीका नको’ म्हणून फाईल बंद केली असती, तर मेलेल्यांवरचा माओवादी असल्याचा शिक्का तसाच राहिला असता आणि पुढच्या तुकडीलाही तशीच तोकडी साधने देऊन पाठवले गेले असते.

ताडमेटलाच्या हल्ल्याचेही तेच. सीमा सुरक्षा दलाचे माजी महासंचालक ई. एन. राममोहन यांच्या चौकशीत नेतृत्वातील उणिवा आढळल्या. ७६ कुटुंबांना त्याचे उत्तर मिळण्याचा हक्क होता. ते उत्तर टीकेतूनच मिळते.

माझ्या मते या विषयातली मुख्य गोष्ट ही आहे : सैनिकाला टीकेच्या पलीकडे ठेवले की त्याच्या आडोशाला त्याला पाठवणारे सगळे लपतात. चुकीची माहिती देणारा, अपुरी तयारी करून घेणारा, खोटे निवेदन काढणारा, असे सगळे. सैनिकाचा पुतळा जितका उंच करावा तितकी त्याच्यामागची सावली लांब होते.

८. टीका करायची कशी : दोन कसोट्या

कसोटी पहिली, दोषाची प्रत.

चूक : काळजी घेऊनही झालेला गैरसमज. अंधारात हत्यार समजून काठीवर गोळी झाडली. उपाय : प्रशिक्षण, साधने, कुटुंबाला भरपाई आणि जाहीर कबुली.

हलगर्जी : घ्यायला हवी ती काळजी घेतली नाही. खात्री न करता गोळीबार चालूच ठेवला. उपाय : शिस्तभंगाची कारवाई आणि वरिष्ठालाही जाब.

गुन्हा : समोरचा निःशस्त्र आहे हे माहीत असून मारले. उपाय : खटला.

सारकेगुड्याची रात्र पहिल्या दोहोंपैकी कुठे बसते यावर चर्चा होऊ शकते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस मारला गेला असेल, तर अंधार आणि भीती ही कारणे तिथे पुरत नाहीत. एकाच घटनेत वेगवेगळ्या प्रती असू शकतात, म्हणून तर सरसकट माफी नको आणि सरसकट दोषारोपही नको.

कसोटी दुसरी, पायरी. प्रत्येक घटनेला तीन पायऱ्या असतात : गोळी झाडणारा, हुकूम देणारा, धोरण ठरवणारा. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नंदिनी सुंदर विरुद्ध छत्तीसगड राज्य या खटल्यात, आदिवासी तरुणांना तुटपुंजे मानधन आणि जुजबी शिक्षण देऊन माओवाद्यांविरुद्ध विशेष पोलीस अधिकारी म्हणून बंदूक देणे घटनाबाह्य ठरवले. तिथे न्यायालयाने तरुणांना नव्हे, त्यांना पुढे करणाऱ्या धोरणाला दोषी धरले. जे सर्वांत खाली उभे आहेत त्यांच्यावरच सगळी टीका संपवणे हाही अन्यायच.

९. जाब विचारणारा सैनिकही असतो

‘ज्याने बंदूक धरली नाही त्याने बोलू नये’ या मुद्द्याला एक उत्तर बाहेरच्या जगातून घेऊ. १६ मार्च १९६८ रोजी व्हिएतनाममधील माय लाय गावात अमेरिकन सैनिकांनी शेकडो निःशस्त्र गावकऱ्यांना मारले. त्या वेळी वरून जाणारा हेलिकॉप्टरचालक ह्यू थॉम्पसन याने आपले हेलिकॉप्टर सैनिक आणि गावकरी यांच्यामध्ये उतरवले आणि काही जणांना वाचवले. परत जाऊन त्याने तक्रार केली. मायदेशात त्याला गद्दार म्हणणारे खूप निघाले. १९७१ मध्ये लेफ्टनंट विल्यम कॅली दोषी ठरला, पण त्याने काही वर्षांचीच नजरकैद भोगली. थॉम्पसनला सैन्याने पदक दिले ते १९९८ मध्ये, तीस वर्षांनी.

आपल्याकडेही २०१० च्या काश्मीरमधील माछिल प्रकरणात, तीन तरुणांना खोट्या चकमकीत मारल्याबद्दल सेनेच्याच न्यायालयाने दोषींना जन्मठेप दिली. २०१७ मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरणाने शिक्षा स्थगित केली, त्यावर मतभेद आहेत. पण सेनेने आपल्याच माणसांना जाब विचारला, हे महत्त्वाचे. जे सैन्य स्वतःला प्रश्न विचारते ते कमकुवत होत नाही. त्यातल्या प्रामाणिक जवानाची पाठ त्यामुळे मजबूत होते.

१०. सारांश

• सैनिकाच्या त्यागाचा मान राखावा. त्याच्या प्रत्येक कृतीला मान्यता द्यावी, असा त्याचा अर्थ होत नाही.
• टीका पुराव्यावर आधारलेली, परिस्थिती समजून घेणारी आणि तिन्ही पायऱ्यांपर्यंत जाणारी असावी.
• जाब विचारणाऱ्याने आधी साधने पुरवावीत. चिपळूणच्या पत्राचा आणि एडसमेट्टाच्या अहवालाचा धडा एकच आहे.
• प्रश्न न विचारलेल्या सैन्याचे नाव लोकांच्या आठवणीत कसे उरते, हे ‘बर्गी’ हा शब्द सांगतो.

त्या दिवशीच्या विद्यार्थ्याला आज मी असे सांगेन : तुझा भाऊ रात्री जंगलात असतो, म्हणूनच त्याला कोण पाठवतो, काय देऊन पाठवतो आणि कोणती माहिती देऊन पाठवतो, हे विचारायला हवे. आणि त्याच्या हातून काही घडले तर तेही विचारायला हवे, कारण ज्याच्या गावात तो जातो त्या गावचा मुलगा तुझ्याच वर्गात बसला आहे. दोघांनाही उत्तर देता येईल असे वागणे, हेच गणवेशाचे काम.

स्वाध्याय

१) चिपळूणच्या पत्रातील कसोटी आणि २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातील कसोटी यांत साम्य कोणते?
२) ‘कायदेशीर आदेश’ यातील ‘कायदेशीर’ हा शब्द काढला तर काय बदलेल? दहा ओळींत लिहा.
३) कारखान्यातील एखाद्या अपघाताची तीन पायऱ्यांत (कामगार, पर्यवेक्षक, धोरण) मांडणी करा. मग एडसमेट्टाची घटना तशीच मांडा आणि तुलना करा.
४) कलम ३ मधील चार मुद्द्यांपैकी तुम्हाला सर्वांत बळकट वाटणारा निवडा. त्याच्या बाजूने आणि विरुद्ध प्रत्येकी दोन मुद्दे लिहा.
५) तुमच्या घरात किंवा शेजारी दलातून निवृत्त झालेले कोणी असेल तर त्यांना विचारा : “तुम्हाला कधी एखादा आदेश चुकीचा वाटला होता का?” उत्तर ऐका. त्यांच्या परवानगीशिवाय लिहून काढू नका.